दहा टाइपरायटर, एक तोंड

सरकारी खरेदीत आयुष्य घालवलेल्या माणसाकडे लोक दोन प्रकारे बघतात. अर्ध्यांना वाटतं, ह्यानं खाल्लं असणार. उरलेल्यांना वाटतं, खाल्लं नसेल तर हा मूर्ख असणार. माझ्या निरोपाच्या समारंभात साहेब भाषणात म्हणाले, "आमचे नाखवा तापट, पण प्रामाणिक." टाळ्या पडल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, "सगळी नोकरी सरकारचा पैसा वाचवण्यात गेली आणि ह्यांना आठवला तो माझा आवाज."

ती म्हणाली, "मग? आवाज काय लहान होता?"

संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहा म्हणून सांगितलं आहे. गमती लिहितो. मधूनमधून राग येईल, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

आम्हा कोळ्यांत होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात. माझ्या बापाची होडी नव्हती, तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. आई वेसाव्याच्या बंदरावर मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात विकायची. मी सरकारी भांडारात खोकी उचलायला लागलो, रात्रशाळेतून मॅट्रिक झालो आणि भांडणं करत करत भांडारपाल झालो. ऑफिसातल्या पांढरपेशांनी चेष्टेनं नाव ठेवलं, नाखवा. मी ते ठेवून घेतलं. बापाला मिळालं नाही ते मला फुकट मिळालं.

आमचं भांडार अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत होतं. उपनगरातल्या सरकारी ऑफिसांना कागद, शाई, टाचण्या, खुर्च्या आणि यंत्रं पुरवायचं काम. यंत्रं म्हणजे टाइपरायटर, नकला काढायची सायक्लोस्टाइल मशीनं आणि दांडा फिरवून बेरजा करायची मशीनं. त्या काळात सरकारी माहितीचा सगळा कारभार ह्याच लोखंडावर चालायचा. हे लोखंड विकत कसं घ्यायचं, ह्याच्या दोन वाटा होत्या.

पहिली वाट कोटेशनांची. तीन दुकानदारांकडून दर मागवायचे आणि सगळ्यांत कमी दराचा माल घ्यायचा. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात एकदा माझ्याकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची कोटेशनं एकच माणूस घेऊन आला. पहिलं पाकीट दिलं, नमस्कार करून गेला. पाच मिनिटांनी दुसरं घेऊन आला, पुन्हा नमस्कार. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, "अरे, बस आता. चहा घे. दमला असशील इतक्या कंपन्या चालवून."

दुसरी वाट दरकराराची. सरकार कंपनीशी वर्षाचा दर ठरवून टाकतं. मोठं गिऱ्हाईक म्हणून दर स्वस्त. पण त्यात मेख अशी, की एका मागणीत निदान दहा यंत्रं घेतली तरच तो दर. सचिवालयातली खाती एका सहीनं पन्नास घ्यायची. वाकोल्याच्या रेशनिंग ऑफिसला हवं असायचं एक. एकाला दर दुकानाचा, म्हणजे जवळजवळ दीडपट. तेवढी मंजुरी कोणाकडे नसायची. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला माल महाग. ह्याला सरकारी भाषेत काटकसर म्हणत.

साठीचं दशक संपत आलं होतं. कारभार मराठीतून करा, असा हुकूम निघाला होता. हुकूम निघाला, पण उपनगरात मराठी टाइपरायटर कुठे होते? फोर्टातल्या मुख्य कचेऱ्यांनी टाकून दिलेली इंग्रजी यंत्रं आमच्याकडे यायची. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत मराठीचा सरकारी कारभार बोरूनं लिहिल्यासारखा हातानं चालला होता.

अशात एक दिवस काउंटरवर एक बाई उभी राहिली. पंचविशीची, सुती साडी, हातात छत्री. छत्री काउंटरवर आपटून म्हणाली, "नाखवा कोण?"

"मी."

"माका टाइपरायटर होयो. मराठी."

"मला पण हवा आहे. मागणीपत्र आणलंत?"

"तीन वर्सां पत्रां धाडतंव आमी. तुमी काय त्यांचे पुडे बांधतास?"

माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला. आमचा शिपाई दार लावून घ्यायला धावला. ही कुमुद सावंत, वाकोल्याच्या रेशनिंग ऑफिसातली हंगामी टंकलेखिका. चिडली की मालवणीत बोलायची, नाहीतर आपल्यासारखंच. भांडण थंड झाल्यावर तिनं हकिगत सांगितली. तिच्या ऑफिसला टंकलेखिकेची जागा मंजूर झाली होती, 'यंत्रासह'. जागा भरली, यंत्र आलंच नाही. वर्षभर ती हातानं लिहीत होती. आता वरून पत्र आलं होतं, की एकतीस मार्चपर्यंत चालू यंत्र दाखवा, नाहीतर जागा रद्द. वडील गिरणीतून घरी बसलेले, दोन बहिणी शाळेत. घर हिच्या पगारावर.

"टाइपरायटर नाही म्हणून टाइपिस्ट काढणार?" मी म्हटलं.

"होय. आणि टाइपिस्ट नाही म्हणून टाइपरायटर देणार नाहीत. चला, कोणाशी भांडायचं ते सांगा."

मला ही बाई आवडली. कोणाशी भांडायचं हे विचारून भांडणारी माणसं कमी असतात.

त्या दिवशी बसमधून घरी जाताना मला आईची आठवण झाली. बंदरावर होडी लागली की मासळीचा लिलाव व्हायचा. मोठे व्यापारी अख्खी होडी घ्यायचे. आईसारख्या एकएक टोपलीवाल्या बायकांना तिथे कोण विचारतो? म्हणून पाचसहा जणी एकत्र उभ्या राहायच्या. बोली एकीनं लावायची. बाकीच्यांनी चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. आई सांगायची, "एकीनंच बोलाचा, बाकीच्यांनी गप ऱ्हावाचा." कारण मागची कोणी एक शब्द बोलली, की विकणाऱ्याला कळतं, ह्यांच्यात फट आहे. मासळी हातात आली की तिचे वाटे घालायचे, आणि जी वाटे घालेल तिनं आपला वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा. म्हणजे लबाडीला जागाच नाही.

मला वाटलं, हे सरकारात का चालू नये? पाच ऑफिसांची मिळून दहा यंत्रं. मागणी एक, दर कराराचा, बिलं ज्याची त्यानं द्यायची.

आमचे उपभांडार अधिकारी दिघेसाहेब सज्जन माणूस. त्यांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते म्हणायचे, "वर विचारू."

मी म्हटलं, "साहेब, वर विचारलं तर वरचे नाही म्हणणार. विचारणाऱ्याला नाही म्हणायला वेळ लागत नाही."

"पण नियम..."

"नियम समोर आहे. वाचा. मागणी एक हवी, यंत्रं दहा हवीत. ती एकाच दारात उतरली पाहिजेत असं कुठे आहे, दाखवा. दाखवलंत तर मी गप्प बसतो."

दिघेसाहेबांनी दुपारभर नियम वाचला. मनाई शोधत होते, सापडेना. संध्याकाळी त्यांनी फायलीवर लिहिलं, 'मनाई आढळून आली नाही', आणि सही केली. सही केल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा दोनदा वाचली, तेव्हा मला त्यांची दया आली. पण फाईल मी लगेच उचलली.

मग माणसं जमवली. अंधेरीचं तहसील ऑफिस तीन, मुलुंडची औद्योगिक प्रशिक्षणाची शाळा तीन, बोरीवलीचं भूमापन ऑफिस दोन, घाटकोपरचा सरकारी दवाखाना एक, वाकोला एक. झाले दहा. एकही जास्त नाही. एक गळाला की करार गळाला, हे मी सगळ्यांना सांगितलं. आमच्या भांडारात खोक्यांवर बसवून बैठक घेतली. मुलुंडहून पाटकरमास्तर आले होते, फिटरच्या वर्गाचे शिक्षक, हातावर कायम ग्रीसचा डाग. बोरीवलीहून मुख्य लिपिक नेने आले होते, निवृत्तीला काही महिने उरलेले, कोटाच्या खिशात तीन पेनं. वाकोल्यानं कुमुदलाच पाठवलं होतं, कारण गरज तिची.

मी आईची रीत सांगितली. "टाइपरायटरवाल्या रमणिकभाईशी मी बोलणार. एकच तोंड बोलेल. तुमच्यातल्या कोणीही त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. भेटला तर नमस्कारही नको."

नेने म्हणाले, "नाखवा, आपण सरकारी कचेऱ्या आहोत. मासळी बाजारात आलो आहोत काय?"

कुमुद म्हणाली, "नेनेसाहेब, मासळी बाजारात निदान माल मिळता."

पाटकरमास्तर इतके हसले की खोकं करकरलं. नेने हसले नाहीत. पण "एकच तोंड बोलेल" हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते लिहून घेताना पाहून मला बरं वाटलं होतं. पुढं काय होणार ते कळलं असतं तर वही हिसकावून घेतली असती.

रमणिकभाई हा टाइपरायटर कंपनीचा उपनगरातला एजंट. घाटकोपरला गोडाऊन, तोंडात सुपारी, बोलणं लोण्यासारखं. मी आणि तो इतकी वर्षं भांडलो होतो, की एकमेकांना अरेतुरे करायचो. मागणी पाठवून चार दिवस झाले आणि तो स्वतःच हसत हसत भांडारात आला.

"काय नाखवा, मिजाज गरम हाय?"

"माल कधी देतोस ते बोल."

"कसला माल? दहा कुठे हाय तुझे? बोरीवलीवाल्याने दोन मशीनचे कोटेशन मागवले माझ्याकडे. माझ्या दोन भावांकडे पण. म्हणजे तुझे राहिले आठ. आठला करार नाय लागत, दोस्त. दुकानाचा दर लागतो."

माझ्या डोक्यात आग भडकली. मी तसाच उठलो आणि बोरीवली गाठली. नेने टेबलावर तीन पाकिटं व्यवस्थित टाचून बसले होते. तिन्ही रमणिकभाईच्या घरातली. मी दारातूनच सुरू केलं. काय बोललो ते छापता येणार नाही. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उभी राहिली. नेने मात्र शांतपणे पेनाचं टोपण लावत होते.

"झालं का?" ते म्हणाले.

"नाही झालं! दरकरारावर कोटेशनं कोण मागवतो?"

"मागवू नयेत असं नियमात कुठे आहे, दाखवा."

हे माझंच हत्यार होतं.

"बसा," नेने म्हणाले. "चार महिन्यांनी मी निवृत्त होणार. लेखापरीक्षकानं एक शंका काढली तर माझं पेन्शन वर्षभर अडकतं. उद्या तो विचारेल, बाजारात ह्याहून स्वस्त मिळत नव्हतं कशावरून? म्हणून मी तीन दर मागवले. हा तुलनेचा तक्ता. चौथा रकाना करारातल्या दराचा. चारांत कमी कोणता? कराराचा. म्हणजे नियमाप्रमाणे मला करारानंच घेतलं पाहिजे. मी तुमच्यातून गेलेलो नाही. मी पाया भरत होतो."

"मग हे आधी सांगायचं ना!"

"तुम्हीच म्हणालात, एकच तोंड बोलेल, बाकीच्यांनी एक अक्षर बोलायचं नाही. मी गप्प बसलो."

असा राग आणि असं हसू मला एकदम कधी आलं नव्हतं. हा माणूस रमणिकभाईशी खरोखरच एक अक्षर बोलला नव्हता. पत्र टपालानं पाठवलं होतं. नेन्यांनी मला चहा पाजला. परत निघताना म्हणाले, "आणि इथे ओरडू नका हो पुन्हा. आमच्या ऑफिसात शांतता असते."

आता रमणिकभाई. नेन्यांनी दोन यंत्रं करारानंच घेणार असं लिहून दिलं होतं, ते पत्र दाखवून त्याचं आठचं गणित मोडलं. दर त्याला द्यावाच लागणार होता. मग त्यानं दुसरा डाव टाकला. "दर मान्य. पण मराठी मशीन स्टॉकला नाय. मे महिन्यात देतो."

मेमध्ये आलेलं यंत्र कोणाच्या कामाचं? मार्च संपला की सगळ्यांची मंजुरी संपली आणि कुमुदची नोकरी संपली. रमणिकभाईला हे पक्कं माहीत होतं. तो उशीर विकत होता.

"बरं," मी म्हटलं, "गोडाऊन तर दाखव. चहा पाज."

आई लिलावात एक गोष्ट करायची. चांगल्या पापलेटाकडे बघायचीसुद्धा नाही. ढिगातला सगळ्यांत वाईट मासा उचलून त्याचीच चौकशी करायची. विकणारा वाईट माशाची बाजू घेऊन बोलायला लागतो आणि बोलता बोलता घसरतो. गोडाऊनमध्ये मागच्या भिंतीला एक टाइपरायटर उघडा पडला होता, एका बाजूनं पत्रा चेपलेला. मी त्याच्याकडे गेलो.

"हा काय भंगार रे?"

"भंगार? नवा मराठी मशीन हाय! परवाच लॉट उतरवताना हमालाच्या हातून पडला. जरासा पोचा आलाय, बस."

"लॉट? कोणता लॉट?"

रमणिकभाईनं सुपारी चावायची थांबवली. मी मागची ताडपत्री उचलली. खालची खोकी एका खाजगी गिऱ्हाइकासाठी लपवून ठेवली होती. मग मी जो आवाज काढला, तो घाटकोपर स्टेशनपर्यंत गेला असेल. शेवटी सौदा ठरला. उद्याच्या टेम्पोत दहा यंत्रं, कराराच्या दरानं. खोक्यांत नऊच होती. दहावं म्हणून हा पोचा आलेला टाइपरायटर धरायचा.

"तो पण घेतो," मी म्हटलं. "पोचा काय, त्यावर जेवायचं थोडंच आहे?"

त्या क्षणी मला वाटलं, आज आई असती तर टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली असती.

मार्च संपायला दोन दिवस होते. दुपारी टेम्पो आला. आता वाटे. पाच ऑफिसांची माणसं दहा यंत्रांभोवती अशी उभी, की जणू स्वयंवर. खोकी उघडून, शाईची फीत बसवून यंत्रं ओळीत मांडायची होती. फीत बसवता येत होती एकट्या कुमुदला. मी रीत सांगितली, मांडणाऱ्यानं शेवटी उचलायचं. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं, पण काही न बोलता कामाला लागली. मग एकेक जण पुढे झाला. कोणी रंग बघितला, कोणी बटणं थोपटली, दवाखान्याच्या कंपाउंडरनं तर यंत्राला कान लावला. नऊ यंत्रं गेली. राहिलं ते पोचा आलेलं.

कुमुदनं त्यात कागद घातला आणि टाइप करायला लागली. पहिलं अक्षर उमटलं. दुसरं त्याच्यावर. तिसरं त्या दोघांवर. सगळी अक्षरं एकाच जागी एकमेकांच्या डोक्यावर. कागद पुढं सरकेना.

पाटकरमास्तरांनी वाकून बघितलं. "कागद ओढून नेणारी स्प्रिंग तुटली आहे. पडला तेव्हाच गेली असणार."

मी रमणिकभाईला फोन लावला. स्प्रिंग कंपनीकडून येईल, महिना तरी लागेल, म्हणाला. कुमुद उठून उभी राहिली. ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडेल, ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"नाखवा," ती म्हणाली, "तुमच्या आवशीची रीत आवशीकडेच ठेवायची होती. परवा आमचा अधिकारी येतलो. त्याका ह्यां दाखवू?"

नेने आपल्या दोन यंत्रांचे नंबर वहीत उतरवत होते. त्यांचं पेन थांबलं.

तेव्हा मला रीतीचा राहिलेला भाग आठवला. शेवटच्या बाईचा वाटा फारच उतरलेला निघाला, तर बाकीच्या जणी आपापल्या वाट्यातला एकेक मासा तिच्या टोपलीत टाकायच्या. कोणी सांगायचं नाही, कोणी आभार मानायचे नाहीत. मी हे मोठ्यानं सांगितलं. पण टाइपरायटर म्हणजे बोंबील नव्हे. यंत्राच्या अंगावर नंबर असतो, नंबर पावतीवर चढलेला असतो. अदलाबदल केली तर पाच ऑफिसांचे पाच कारकून घरी जातील.

पाटकरमास्तरांनी ग्रीसचा हात पँटला पुसला. "आमचा टाइपिंगचा वर्ग पावसाळ्यात सुरू होतो. तोवर आमची तिन्ही मशीनं झोपूनच राहणार. एकाची स्प्रिंग ह्याला लावली तर?" मग ते नेन्यांकडे वळले. "चालेल का हो?"

नेन्यांनी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं. चष्मा वर केला. बराच विचार करून म्हणाले, "स्प्रिंगला नंबर नसतो."

त्या माणसाच्या तोंडून सरकारी नोकरीत ह्याहून धाडसाचं वाक्य निघालं नसेल. कंपाउंडरनं दवाखान्याच्या पेटीतला चिमटा काढून दिला. तहसीलवाल्यांनी टेबल धरलं. मास्तरांनी तासाभरात स्प्रिंग बसवली. कुमुदनं एक ओळ टाइप केली. ओळीच्या शेवटी घंटी वाजली, ट्रिंग. कोणी आभार मानले नाहीत. कुमुदनं टाइपरायटर साडीच्या पदरानं पुसला आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन गेली.

एकतीस तारखेला मी वाकोल्याला गेलो. सहज, म्हणून दिघेसाहेबांना सांगितलं. वाण्याच्या दुकानावरचं ऑफिस, जिन्यापर्यंत रांग. अधिकारी आला, यंत्राभोवती फिरला, पोचा बघून भुवई उडवली. "चालतं का हे? काहीतरी टाइप करून दाखवा."

कुमुदनं विचार न करता बोटं चालवली. कागद ओढून तिनं शिपायाकडे दिला, शिपायानं तो दाराबाहेर चिकटवला. रांगेतली एक म्हातारी बाजूच्या पोरीला म्हणाली, "वाच गो." पोरीनं वाचलं, 'साखर उद्या सकाळी मिळेल. आज रांग लावू नये.' रांगेतून एकच कल्लोळ उठला, शिव्या, हसणं, पिशव्या झटकणं, आणि निम्मा जिना मोकळा झाला. इतके दिवस हातानं लिहिलेल्या पाटीचं अक्षर कोणाला लागत नव्हतं.

अधिकाऱ्यानं सही केली. जागा राहिली.

आता राग. वर्षभरानं फोर्टातून एक परिपत्रक निघालं. 'लहान कार्यालयांनी संयुक्त मागणी करून दरकराराचा लाभ घ्यावा.' योजना कोणाच्या कल्पनेतून आली, हेही त्यात छापलं होतं. एका मोठ्या साहेबांच्या. अशा गोष्टी त्यांना गाडीतून जाताना सुचतात म्हणे. पुढे सत्तरच्या दशकात शाळा, दवाखाने, पंचायती सगळे त्यात आले. बेरजेची यंत्रं अशीच घेतली गेली. नंतर तर सरकारी संगणकाचे तासही चारपाच ऑफिसं मिळून घ्यायला लागली, पगारपत्रकं काढायला. गिऱ्हाइक लहान म्हणून माल महाग, हे बंद झालं. चांगलंच झालं. पण माझी बढती दोन वेळा अडली, आणि साहेबांच्या परिपत्रकात माझ्या आईचं नाव नाही, माझं तर नाहीच नाही. हा राग मी सोडलेला नाही, सोडणारही नाही.

परिपत्रक निघायच्या कितीतरी आधी, त्याच मे महिन्यात, मला फोर्टातून मिळालं होतं ज्ञापन, म्हणजे खुलासा मागणारं पत्र. माझ्यावर तीन आरोप होते. अधिकार नसताना इतर कार्यालयांची मागणी एकत्र केली. भांडाराच्या आवारात बाहेरच्या लोकांची बैठक घेतली. आणि तिसरा, यंत्रांच्या सुट्या भागांची अदलाबदल झाल्याचे समजते, तरी संबंधित यंत्रे चौकशीसाठी परत का मागवू नयेत. कोणी चुगली केली ते आजवर कळलेलं नाही, माझा संशय रमणिकभाईवर आहे. तिसरा आरोप सगळ्यांत वाईट होता. यंत्र परत गेलं, की कुमुदची जागा पुन्हा लोंबकळणार.

मी घरी बसून पाच पानी उत्तर लिहिलं. त्यात सगळं होतं. सचिवालयाची काटकसर, साहेबांची अक्कल, सगळं. टाइप करायला वाकोल्याला घेऊन गेलो, कारण दहा यंत्रं वाटणाऱ्या आमच्या भांडारात मराठी टाइपरायटर एकही नव्हता.

कुमुदनं पाचही पानं वाचली. मग म्हणाली, "ह्यां टाइप नाय व्हवचां."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीन बरां आसा. तुमचां डोक्यां बिघडलांहा. ह्यां धाडलास तर तुमची नोकरी जाईत आणि माझी पण."

तिनं माझी पानं टेबलाच्या खणात टाकली, नवा कागद घातला आणि दोन ओळी टाइप केल्या. घंटी वाजली. कागद माझ्यापुढे धरला.

'दहाही यंत्रे ज्या त्या कार्यालयात जागेवर आहेत. खात्री करण्यासाठी प्रत्यक्ष तपासणीस यावे, ही विनंती. प्रारंभ मुलुंडपासून करावा.'

"अहो, पण मुलुंडलाच तर स्प्रिंग नसलेलं मशीन आहे!" मी म्हटलं. "रमणिकभाईकडून अजून आली नाही."

"म्हायत आसा माका," कुमुद म्हणाली. "पण मे महिन्याच्या उन्हात फोर्टातून मुलुंडाक कोण येताहा, नाखवा? सही करा."

मी सही केली. कोणी आलं नाही.